फिलाडेल्फियातल्या क्वेकर बाईंना

प्रिय बाई,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. हे पत्र तुमच्या लेकीला इंग्रजीतून वाचून दाखवणार आहे, पण लिहितो माझ्या भाषेत.

१९७०च्या हिवाळ्यात मी लष्करभरतीबद्दल सल्ला मागायला तुमच्याकडे आलो, तेव्हा पुण्याहून ग्रीन कार्डावर आलेला तेवीस वर्षांचा इंजिनिअर होतो. अमेरिकेचा नागरिक नसलो तरी कायमचा राहायला आलोय म्हणून मला व्हिएतनामच्या लढाईसाठी बोलावता येतं, हे आमच्या घरी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

१ डिसेंबर १९६९च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये लढाईला कुणाला आधी बोलवायचं याची जन्मतारखांच्या ३६६ निळ्या कुप्यांतून सोडत निघाली. पहिलीच तारीख १४ सप्टेंबर, माझ्या खोलीतल्या सोबत्याची. तो टीव्हीसमोरून उठला आणि आईला फोन लावायला गेला. माझी ६ डिसेंबर दहावी निघाली. कुप्या नीट मिसळल्याच नव्हत्या, हे संख्याशास्त्रज्ञांनी नंतर दाखवून दिलं. बोलावणी १९५ क्रमांकापर्यंत गेली आणि डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी फक्त ५ सुटल्या. सगळ्यांना सारखा न्याय म्हणून ही सोडत काढली होती! तो राग अजून गेलेला नाही.

लहानपणी दमा होता का, हे तुम्ही विचारलंत म्हणून मी सांगितलं. भरतीच्या वैद्यकीय तपासणीला तोंडी सांगून भागत नाही, म्हणालात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र हवं, त्यात वर्षं आणि औषधं हवीत, आणि खोटं एक अक्षर नको. बाबांनी सदाशिव पेठेतल्या आमच्या डॉक्टरांकडून तसं पत्र घेऊन एअरमेलने पाठवलं. त्याच्या प्रती काढायला लावल्यात, भरती मंडळाचं प्रत्येक पाकीट रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायला लावलंत. मी अपात्र ठरलो.

माझ्याऐवजी पुढच्या क्रमांकाचा कुणीतरी जाणार, हे मला खात होतं. तुमच्याजवळ बोललो तेव्हा "हो, तसंच आहे" म्हणालात. खोटा दिलासा दिला नाहीत, म्हणून बाकी सगळ्यावर माझा विश्वास बसला.

पण सर्वांत जास्त आभार मानायचेत ते माझ्या सोबत्यासाठी. तो जायचं ठरवूनच तुमच्याकडे आला होता. तुमचा क्वेकरांचा ख्रिस्ती पंथ ३०० वर्षं युद्धाला नकार देत आलेला, तरी तुम्ही त्याला अडवलं नाहीत. बोलावणं येईपर्यंत थांबलास तर २ वर्षं. स्वतःहून लष्करात नाव घातलंस तर बहुधा ३, पण कामाचा प्रकार मागून घेता येईल, असं त्याला सगळं कागदावर मांडून दाखवलंत. त्याने ३ वर्षं घेतली, रेडिओदुरुस्ती मागून घेतली आणि धडधाकट परत आला. तो तिकडे असताना तुम्ही त्याच्या आईकडे नेमाने जात होता, हे आम्हाला फार उशिरा, तिच्याकडूनच कळलं.

त्या माउलीने मला बजावून ठेवलं होतं की बाईंना कधी लिहिलंस तर माझंही नाव घाल. तेव्हा हे आभार आमच्या तिघांचे.

तुमचा कृतज्ञ,
पुण्याचा मुलगा