पूल उभारा, पण खालचा रस्ता आधी

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,
स. न. वि. वि.

मी खेड तालुक्यातला भाजीपाला करणारा शेतकरी. पुणे-नाशिक महामार्गावर आमचं पोट चालतं. या रस्त्यावर काहीच झालं नाही, असं मी म्हणणार नाही. नारायणगाव, मंचर, खेड घाट इथे बाह्यवळणं झाली, नाशिककडून येणारी गाडी खेडपर्यंत सुरळीत येते. तिथून पिंपरी-चिंचवडमधल्या नाशिक फाट्यापर्यंतचे 30 किलोमीटर मात्र अंगावर येतात.

चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी उभं राहून बघा. तळेगाव-शिक्रापूर रस्त्याचे कंटेनर आडवे, शिफ्ट सुटलेल्या कंपन्यांच्या बस, त्यातून वाट काढणारी दुचाकीवरची पोरं, आणि मध्येच कांद्याची ट्रॉली. गेल्या पावसाळ्यात मेथीचा टेम्पो घेऊन मी तिथे दीड तास अडकलो. वर ओलं बारदान टाकलं होतं. बाजारात ते उचललं तर आतून गरम वाफ आली. वरच्या जुड्या हिरव्यागार, मधल्या पिवळ्या. व्यापाऱ्याने थरात हात घातला, एक जुडी मोडून पाहिली आणि भाव निम्म्यावर आणला. त्याचं काही चुकलं नाही, मालच तसा झाला होता.

नाशिक फाटा ते खेड आठपदरी उन्नत मार्गाला, म्हणजे खांबांवरच्या पुलाला, केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली, खर्च 7,827 कोटी. तो व्हायलाच हवा. पण वरून जाईल ती लांब पल्ल्याची गाडी. भोसरी, मोशी, चाकणला कामाला जाणारा माणूस, शाळेची मुलं, आमचे ट्रॅक्टर खालीच राहणार. म्हणून खांबांचे खड्डे घेण्याआधी दोन्ही बाजूंचे सेवारस्ते पक्के करा. एक मार्गिका कामासाठी घेतली तर पर्यायी मार्गिका आधी द्या. कंपन्यांच्या गेटसमोर पायी ओलांडायला सोय आणि दिवे हवेत. रात्रपाळीच्या बायका आज अंधारात दुभाजक ओलांडतात.

आणखी एक मागणी, खर्चाची नाही. कोणत्या महिन्यात कुठला भाग बंद राहणार, त्याचा फलक खेड, चाकण आणि मोशीला आधीच लावा. मेथी महिन्याभरात काढणीला येते, कांद्याला चार महिने लागतात. रस्त्याची तारीख कळली, तर त्या हिशेबाने आम्ही लागवड करू.

आपला,
खेड तालुक्यातील एक भाजीपाला उत्पादक