शेंद्र्याच्या फ्लॅटबद्दल दत्ताला

लातूर

प्रिय दत्ता,

स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला भाड्याने देण्यासाठी बेचाळीस लाखांचा फ्लॅट घ्यायचा आणि त्याला इसार द्यायचा, असं जवळजवळ ठरलंय, असं वहिनी फोनवर म्हणाल्या. तुला राग आला तरी चालेल, पण माझं मन घेत नाही. कागद काढून हिशोब मांडला, तो तसाच लिहितो.

६ टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे ३० हजार धरले की फ्लॅट पावणेपंचेचाळीस लाखांच्या वर जातो. तुझे पंधरा लाख संपले की तीस लाखांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता २६ हजारांच्या आसपास येतो. एजंट भाडं सांगतोय बारा हजार. म्हणजे दर महिन्याला चौदा हजार तुझ्या पगारातून, वर मेंटेनन्स आणि घरपट्टी. तू प्राप्तिकराच्या नव्या करप्रणालीत आहेस, त्यामुळे भाड्याहून जास्त गेलेलं व्याज करपात्र पगारातून वजा होणार नाही. आणि तुझ्या नोकरीची उरलीत किती वर्षं?

व्याज कमी झालंय म्हणतोस, ते खरं. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो रेपो दर २०२५ मध्ये साडेसहावरून सव्वापाचवर आला. पण मे २०२२ च्या सुरुवातीला तो ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला होता, हेही विसरू नकोस. तेव्हा कितीतरी लोकांचे हप्ते तेच राहिले आणि मुदत वाढत गेली. निवृत्तीनंतर हप्ता भरत बसायचा का?

टोयोटाचा कारखाना संभाजीनगरजवळ बिडकीनला येतोय याचा मलाही आनंद आहे. मराठवाड्यातली पोरं पुण्याला जायची थांबावीत असं कोणाला वाटत नाही? पण घोषणा आजची आणि भाडेकरू पाच-सात वर्षांनी, हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून.

क्लासच्या पोरांना भाड्याने दिलेल्या आमच्या वरच्या खोल्यांचं सांगतो. दोन लोखंडी कॉट, भिंतीला चिकटवलेलं आवर्त सारणीचं पोस्टर, दारात मेसचे डबे. नीटची परीक्षा झाली की मे महिन्यात पोरं गाद्या गुंडाळून गावी जातात आणि नवी बॅच येईपर्यंत खोल्या रिकाम्या. कोरोनात क्लास बंद पडले तेव्हा तर अख्ख्या गल्लीत 'रूम भाड्याने देणे आहे'च्या पाट्या. आणि २०१६ आठव. दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. ज्यांच्या बोअरला पाणी होतं त्यांच्याच खोल्या भरलेल्या होत्या. बाकीच्यांचं भाडं टँकरवाल्याच्या खिशात गेलं. म्हणून मी आधी पाणी विचारतो, मग भाव. शेंद्र्याच्या त्या बिल्डिंगमध्ये एप्रिलमध्ये टँकर किती लागतात, ते वॉचमनला विचारलंस का?

तेच पंधरा लाख तुझ्या नि वहिनींच्या संयुक्त नावावर पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले तर सध्याच्या ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५० रुपये येतात. महागाई वाढली तरी ते वाढत नाहीत, हा तुझा मुद्दा मला मान्य आहे. भाडं वाढतं. म्हणून सगळे तिथे ठेव असं मी म्हणत नाही.

भाड्याचंच उत्पन्न हवं असेल तर अंबाजोगाईच्या आपल्या घरावर दोन खोल्या काढ. जागा तुझी, विहीर अंगणात, मेडिकल कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. शिकाऊ डॉक्टर आणि नर्सेसना तिथे खोल्या लागतातच. सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. वाळू महाग आहे, पण काम पंधरा लाखांच्या आत आटपावं आणि कर्ज शून्य. भाडेकरार मात्र अकरा महिन्यांचा, नोंदणी करूनच. तोंडी ठेवू नकोस. वाद झाला तर नोंदणी नसलेल्या व्यवहारात कायदा आधी भाडेकरूचं म्हणणं धरतो.

इतकं करूनही फ्लॅटच घ्यायचा असेल तर मी आडवा येणार नाही. फक्त इसार देण्याआधी प्रकल्पाचा महारेरा नंबर (सरकारी गृहप्रकल्प नोंदणीचा) आणि भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याच्या दाखल्याची, नक्कल मला पाठव. रविवारी आपण दोघं शेंद्र्याला जाऊ. एजंटला न सांगता.

तुझा,
सुधाकर