तबेल्यातल्या रात्रपाळीच्या मामांना

प्रिय मामा,

सप्रेम नमस्कार.

नुकतंच जन्मलेलं शिंगरू जंतुसंसर्गातून वाचलं म्हणून सगळे आम्हा डॉक्टरांचं कौतुक करताहेत. ते आधी तुमचं व्हायला हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "घोडीची कास तटतटलीय आणि पिलाच्या कपाळावर दूध वाळलंय." रक्तात जंतू भिनत असल्याची शंका इतक्या लवकर दुसऱ्या कशानं क्वचितच येते. शिंगरू कासेखाली उभं राहतं, पान्हा सुटतो, पण सड धरून ओढायचं त्राण नसतं. दूध कपाळावर ओघळतं. ताप येईलच असा भरवसा नाही. निरोगी शिंगराचं तापमान साधारण ३७.२ ते ३८.९ अंश सेल्सियस; आजारी शिंगराचं कित्येकदा तेवढंच, कधी त्याहून कमी. नुसत्या थर्मामीटरवर विसंबणारे इथेच फसतात.

व्यायच्या आधीपासून घोडीचा चीक, म्हणजे पहिलं दाट दूध, गळत होता, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत. याचं मोल फार मोठं. घोडीच्या वारेतून पिलाला अँटिबॉडी जवळजवळ मिळतच नाहीत, सगळी भिस्त चिकावर. आतडं त्या शोषतं तेही मुख्यतः पहिल्या ६ ते १२ तासांत. २४ तासांनंतर कितीही चीक पाजा, रक्तात काही उतरत नाही. म्हणून आम्ही आल्या आल्या आयजीजी, म्हणजे शिंगराच्या रक्तातल्या अँटिबॉडींचं प्रमाण, तपासलं. ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर हवं. ४०० च्या खाली असलं तर प्लाझ्माच, म्हणजे रक्तातला अँटिबॉडी असलेला द्रव, द्यावा लागतो. ४५-५० किलोच्या शिंगराला १ लिटर प्लाझ्मानं आकडा जेमतेम २०० नं चढतो, आणि जंतुसंसर्गात त्याहूनही कमी.

तुम्ही जे केलं नाहीत, त्याबद्दल तर आणखी आभार. तोंडात बाटली कोंबली नाहीत. चोखायची ताकद नसलेल्या पिलाचं दूध थेट फुप्फुसात जातं. कपाटातलं अँटिबायोटिक टोचलं नाहीत, त्यामुळे कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी, स्वच्छ रक्त मिळालं. त्यानंतरच अमिकॅसिन आणि अँपिसिलिन ही अँटिबायोटिक सुरू केली. अमिकॅसिन मूत्रपिंडाला जड, म्हणून सलाइन आणि क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) लक्ष ठेवावं लागलं. आम्ही पोचलो तेव्हा शिंगरू कोरड्या गवतावर, घोंगडीखाली, छातीवर बसवलेलं होतं. आडवं पडून राहिलं असतं तर खालचं फुप्फुस दबलं असतं.

आता पुढचे काही आठवडे सांध्यांवर रोज हात फिरवा. कुठे सूज, हाताला गरम लागणं किंवा लंगडणं दिसलं, तर "घोडीचा पाय पडला असेल" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, लगेच फोन करा. सांध्यात जंतू शिरले असतील तर तो त्याच दिवशी धुवावा लागतो. बेंबी ओली किंवा जाड लागली तरी कळवा. पुढच्या व्यायणाऱ्या घोड्यांसाठी नाळेला लावायचं ०.५ टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक पाठवतोय. ७ टक्क्यांचं कडक आयोडीन वापरू नका, कातडी भाजते.

तुमचे,
डॉक्टर मंडळी