कुलवृत्तांतातली कोरी रेघ

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या आजोबांचा इन्व्हेंटार इथे गोव्यात मिळाला. माणूस गेला की कोर्टात त्याच्या मिळकतीची नि वारसांची यादी व्हायची, ती फाइल. मला पोर्तुगीज कुठलं वाचता यायला! माझ्या घरमालकीणबाई लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या हायस्कुलात शिकलेल्या. त्यांनी दोन संध्याकाळी बसून अख्खी वाचून दाखवली.

आजोबांचा जन्मदाखला नाहीच. ख्रिस्तावांचं बरं, बाप्तिस्मा, लग्न, मरण सगळं चर्चच्या वहीत. आपल्या लोकांची सर्रास सरकारी नोंद व्हायला लागली ती 1910 मध्ये पोर्तुगालात राजा जाऊन प्रजासत्ताक आलं त्यानंतर. शिवाय प्रभू आडनावाने शोधाल तर हाती काही लागत नाही, जुन्या कागदांत आपण ‘पोरोबो’. देवळाचा कारभार पाहणाऱ्या महाजनांच्या यादीत आजोबा होते, पण तिथे सगळे पुरुषच. आणि आपला कुलवृत्तांत? बाप, मुलगा, नातू. ‘पत्नी’ लिहून पुढे कोरी रेघ.

इन्व्हेंटारात मात्र सुरुवातच तुमच्या आजीपासून होते. नवरा गेल्यावर तीच ‘काबेसा द कझाल’, म्हणजे शपथ घेऊन मिळकत दाखवायची, वारस सांगायचे, सगळं तिच्यावर. 1867 चा पोर्तुगीज दिवाणी कायदा इथे 1870 पासून लागू झाला. त्यात नवराबायकोची मिळकत सामाईक असली की अर्धी तिची, आणि उरलेल्यात मुलींनाही वाटा. म्हणून तिचं वय, माहेरचं गाव, वडिलांचं नाव, सगळं लिहावं लागलं. आणि आई, खाली अंगठा नाही. मोडीत सही आहे, चांगली वळणदार! आपल्या घरात कुणी कधी म्हणालं होतं की ती लिहायची?

मला राग आला, खरं सांगते. पोर्तुगीजांचं कौतुक नाही हं, कागद त्यांनी त्यांच्या सोयीसाठी केले. पण परक्याची वही तिला ओळखते आणि आपली ओळखत नाही, हे कसं?

मिळकतीत फार काही नाही. कुळागर म्हणजे सुपारीची बाग, थोडे माड, तांब्याची भांडी, एक गाभण म्हैस आणि बरंचसं कर्ज. बाबा, आजोबांनी सत्तरीच्या राण्यांना बंडात बंदुका पुरवल्याची ती गोष्ट मात्र आता जरा आवरती घ्या. पोर्तुगीजांविरुद्धचं 1895 चं बंड मोझांबिकला जायला नकार देणाऱ्या, त्यांच्याच फौजेतल्या मराठा शिपायांनी सुरू केलं आणि राणे त्यात उतरले, ते खरंच. पण कागदातल्या वयाप्रमाणे आजोबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे! फार तर पाणी नेऊन दिलं असेल.

आता एक काम. आजीचं नाव मी मुद्दामच इथे लिहीत नाही. आधी आत्याला विचारा, तिला कोणतं आठवतं. मी सांगितलं तर ती लगेच “हो, हो, तेच” म्हणेल. शिवाय माहेरचं नाव वेगळं असणार, तेही विचारा. तिचं उत्तर कागदावर लिहून ठेवा आणि मगच मला फोन करा. जुळलं तर कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी तो फॉर्म आलाय ना, त्यात भरून टाकू. शेवटची तारीख जवळ आली आहे, आणि बाबा, तुमचा फॉर्म अजून टीव्हीखालीच असणार.

आईने गुडघ्याच्या गोळ्या घेतल्या का तेही कळवा.

तुमची,
माई