रात्रपाळीच्या सिस्टरांना आभाराचं पत्र

प्रिय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

पालिकेच्या प्रसूतिगृहात रात्री अडीचला बाळ जन्मतं, लसीकरणाच्या खोलीला कुलूप असतं, आणि हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजारावरची पहिली लस सकाळवर जाते. शनिवारची रात्र असली तर सोमवारवर. फ्रिजची किल्ली लेबर वॉर्डातच राहिली पाहिजे, हा हट्ट तुम्ही धरलात. मनापासून आभार.

मोठ्या माणसाला ही लागण झाली तर बहुतेकांचं शरीर विषाणूला हटवतं. नवजात बाळाला झाली तर शंभरातल्या सुमारे ९० बाळांत ती कायमची मुक्काम करते आणि पुढे यकृत पोखरते. बाळाला ती मुख्यतः प्रसूतीच्या वेळी आईच्या रक्तातून होते, म्हणून लस २४ तासांच्या आत द्यायची. जितकी लवकर तितकी बरी.

तुमचं कुपी तपासणं आम्हाला फार मोलाचं वाटतं. कुपीवरचा चौकोन उष्णता लागली की रंग बदलतो, पण लस गोठली तर तो काहीच सांगत नाही. आणि ही लस गोठली की वायाच गेली: तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराचे कण एकमेकांना चिकटतात, कुपी हलवून ठेवली की खाली भराभर गाळ बसतो. बर्फाच्या पॅकला टेकलेली कुपी म्हणून तुम्ही वापरत नाही, बाजूला काढता. आधी बाळाच्या मांडीवरचं आईचं रक्त पुसता, मग डाव्या मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूला, स्नायूत ०.५ मिली. आई पॉझिटिव्ह असेल, म्हणजे तिच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस बी आढळला असेल, तर १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, दुसऱ्या मांडीत, वेगळ्या सिरिंजने. हे औषध महाग, ऐनवेळी मिळेलच असं नाही. तुम्ही नववा महिना लागताच त्याची मागणी नोंदवता, म्हणून रात्री नातेवाइकांना केमिस्टची दारं ठोठवावी लागत नाहीत.

मुंबईत नाव नोंदवलेली बाई सातव्या महिन्यात माहेरी निघते, कोकणात नाहीतर घाटावर. नेमका तोच महिना महत्त्वाचा. पॉझिटिव्ह आईच्या रक्तातला विषाणू दर मिलीला दोन लाख युनिट किंवा त्याहून जास्त असेल, तर २८व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर या विषाणूरोधक औषधाची गोळी सुरू करायची असते. हे मोजमाप ती गाडीत बसण्याआधी व्हायला हवं. रिपोर्ट घरी विसरतो, म्हणून तुम्ही तपासणीचा निकाल तारखेसह माता-बाल कार्डावरच लिहिता. तिकडच्या डॉक्टरला ती एक ओळ पुरते.

आईचा आजार सगळ्यांना कळू नये म्हणून खाटेवर लाल अक्षरांत काही लिहायचं नाही, हेही तुम्ही पाळता. सासूसमोर नव्हे, पडद्याआड बाईशी बोलता, नवऱ्याची तपासणी सुचवता. ‘अंगावर पाजू का?’ या प्रश्नाला तुमचं उत्तर ठाम असतं: पाजायचं, बाळाला लस टोचली आहे. फक्त स्तनाग्रं चिरून रक्त येत असेल तर लगेच दाखवायला सांगता.

कार्डावर ६, १०, १४ आठवड्यांच्या पेंटाच्या (हिपॅटायटिस बीसह पाच आजारांवरच्या एकत्रित लशीच्या) तारखा असतातच. पॉझिटिव्ह आईच्या कार्डावर तुम्ही पेनाने आणखी एक तारीख घालता: नऊ महिने पुरे झाल्यावर बाळाचं रक्त. त्याआधी तपासलं तर इम्युनोग्लोब्युलिनमधून आलेली प्रतिपिंडंच दिसतात आणि लस लागू पडली असा गैरसमज होतो. ती तारीख पाहून आया बाळाला घेऊन येतात. त्या तारखेबद्दलही आभार.

आपले,
नवजात शिशू विभागातले डॉक्टर