पाचव्या रहस्यातला मणी

बडोदे,
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी हाती पडले. काकूंना, तुझ्या आईला, जाऊन पाच महिने होत आले, तरी संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना हे काम आपल्याकडे कसे आले हे क्षणभर उमगत नाही, असे तू लिहिले आहेस. ते वाचून मी बराच वेळ पत्र तसेच हातात धरून बसलो. पुढे तू विचारले आहेस की, माझी आई गेली त्या रात्री तिची शुद्ध हरपल्यावरही बोटे जपमाळेवर चालत होती, हे तू डोळ्यांनी पाहिले होतेस. त्या माळेत असे काय होते, आणि मारियामातेला, येशूच्या आईला, तुम्ही देवी मानता की नाही? इतक्या वर्षांत हे तू कधी विचारले नव्हतेस आणि मीही आपण होऊन कधी बोललो नव्हतो. आज रविवार आहे, चर्चमधली सकाळची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, आटोपून आलो आहे आणि घरात कोणी नाही, तेव्हा सविस्तर लिहितो.

बडोद्याचा ऑक्टोबर तुला सांगायला नको. नवरात्राचा आज चौथा दिवस आहे आणि रात्री नऊनंतर आमच्या गल्लीतून चनियाचोळी घातलेल्या मुलींचे घोळके मैदानाकडे निघतात. आमच्यासाठी हाच महिना जपमाळेचा. उद्या, ७ ऑक्टोबरला, जपमाळेच्या मातेचा सण आहे, आणि बडोद्याच्या कॅथेड्रलला नावही तिचेच आहे. महिनाभर मातेची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरून दुसऱ्या घरी जाते आणि शेजारची कॅथलिक कुटुंबे त्या घरी जमतात. आम्ही वसईची दोन-तीन घरे, काही गोव्याची, काही केरळची आणि बाकीची चरोतरातली गुजराती. त्यामुळे एक रहस्य, म्हणजे जपमाळेचा एक भाग, मराठीत, एक गुजरातीत, एक कोकणीत आणि एक मल्याळममध्ये म्हटले जाते. मला मल्याळम कळत नाही, पण प्रार्थनेची लय कळते आणि कोणत्या शब्दाला माझी पाळी येणार तेही कळते. परवा आम्ही असे बसलो असताना मैदानावर ढोल सुरू झाला आणि आमच्यातल्या एका म्हाताऱ्या गुजराती बाई डोळे मिटूनच मंद हसल्या.

तू विचारलेल्या देवीच्या प्रश्नाचे उत्तर सरळ देतो, कारण तुझ्याशी गुळमुळीत बोलणे मला जमणार नाही. आम्ही तिला देवी मानत नाही. आराधना फक्त देवाची, संतांना वंदन, आणि मारियेला सर्व संतांहून अधिक, विशेष वंदन, अशी आमच्या चर्चची शिकवण आहे. इ. स. ४३१ मध्ये एफेससच्या धर्मपरिषदेने तिला ‘देवमाता’ म्हटले, ते तिला देवत्व देण्यासाठी नव्हे, तर तिच्या पोटी आलेला येशू खरोखर देव आहे हे सांगण्यासाठी. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनेही १९६४ साली तिच्याविषयी स्वतंत्र दस्तऐवज काढला नाही. चर्चविषयीच्या दस्तऐवजातच तिच्यावर शेवटचे प्रकरण लिहिले, म्हणजे तिची जागा श्रद्धावंतांच्या बाहेर नाही, आतच आहे. तेव्हा अंबामाता आणि मारियामाता एकच, असे मी म्हटले तर ते तुझ्या श्रद्धेशीही प्रामाणिक होणार नाही आणि माझ्याही. पण हाक मारण्याची रीत मात्र आपण एकाच मातीतून घेतली आहे. वांद्र्याच्या डोंगरावरच्या मातेला कोळी लोक ‘मोत माउली’ म्हणतात. ज्ञानोबांना आणि विठोबाला ज्या शब्दाने आपण हाक मारतो तोच हा शब्द, आणि माझी आजीही वसईला दुसरा शब्द वापरत नसे.

आता माळेविषयी. तुला वाटते की आम्ही एकच वाक्य त्रेपन्न वेळा म्हणतो, आणि मोजणी म्हणून ते बरोबर आहे. माळेत ‘नमो मारिये’चे ५३ मणी आणि प्रभूच्या प्रार्थनेचे ६ मणी असतात. पण ‘नमो मारिये’ ही तीन आवाजांची प्रार्थना आहे. पहिले वाक्य देवदूताचे आहे, तो नाझरेथमध्ये त्या मुलीच्या, मारियेच्या, घरी आला तेव्हाचे. दुसरे अलिशिबेचे, म्हणजे तिच्या वयस्क नातेवाईक बाईचे. दोघीही गरोदर होत्या आणि डोंगराळ मुलूख ओलांडून मारिया तिला भेटायला गेली होती. ही दोन्ही वाक्ये बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहेत. तिसरे वाक्य आमचे, पाप्यांचे: आमच्यासाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. हा शेवटचा भाग लोकांच्या तोंडी घडत गेला आणि १५६८ साली रोमच्या प्रार्थनाग्रंथात कायम झाला. ‘विनंती कर’ हे क्रियापद नीट पाहा. आम्ही तिच्याजवळ मागत नाही, तिने आमच्या बाजूने मागावे असे म्हणतो. वाड्यात तुझ्या वडिलांकडे काही मागायचे झाले की तू आधी काकूंच्या पदराला धरायचास, ते आठवते का?

जपता जपता मन येशूच्या आयुष्यातील प्रसंगांवर ठेवायचे असते. त्यांना आम्ही रहस्ये म्हणतो. सोमवारी आनंदाची, मंगळवारी दुःखाची, बुधवारी गौरवाची. आणि २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्ये घातली, ती गुरुवारी. पूर्वी रहस्ये पंधरा होती, म्हणजे दीडशे वेळा ‘नमो मारिये’. मठातले साधू दीडशे स्तोत्रे वाचत आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती ते दीडशे प्रार्थना मण्यांवर मोजत. माझी आजी निरक्षर होती. मला हा इतिहास मोठेपणी कळला तेव्हा पहिल्यांदा तिचे, चिंचोके मोजल्यासारखे माळ ओढणारे, हात आठवले.

प्रकाशाच्या रहस्यांतले दुसरे आईचे अत्यंत आवडते होते. काना गावी लग्न असते, पंगत चालू असते आणि द्राक्षारस संपतो. हे सर्वांआधी मारियेच्या लक्षात येते. आई म्हणायची की, ही गोष्ट पुरुषाला सांगून कळणार नाही. भात कमी पडतोय हे वाढणाऱ्या बाईला पातेल्याच्या आवाजावरून कळते आणि यजमानाची अब्रू जाण्याआधी काहीतरी केले पाहिजे म्हणून तिचा जीव खालीवर होतो. मारिया मुलाजवळ जाऊन एवढेच म्हणते की, त्यांच्याजवळ द्राक्षारस उरलेला नाही. काय कर, कसे कर, हे सांगत नाही. मग नोकरांना म्हणते, हा सांगेल ते करा. शुभवर्तमानांत तिच्या तोंडचे शब्द मुळात फार थोडे आहेत आणि योहानाने दिलेले तिचे हे शेवटचे वाक्य आहे.

आता जे तुलाही कधी सांगितले नाही ते लिहितो. आईला पोटाचा कर्करोग असल्याचे २०११च्या जानेवारीत कळले आणि मी नवस बोलायला सुरुवात केली. मुंबईला जाऊन मोत माउलीच्या पायऱ्यांखालच्या दुकानातून मेणाची आकृती घेतली. तिथे मेणाचे हात, पाय, घर, पाळण्यातले बाळ, सगळे मिळते. ज्याचे जे दुखते ते त्याने मातेला वाहायचे. मी पोटाच्या आकृतीची मेणबत्ती वाहिली. रोज दोन-दोन जपमाळा केल्या. आई मात्र रोज एकच करत असे, संध्याकाळी सातला, नेहमीसारखी. आजारपणासाठी वेगळी प्रार्थना तिने कधी माझ्यादेखत केली नाही. ऑगस्टमध्ये ती गेली. त्यानंतर दीड वर्ष मी माळेला हात लावला नाही. मिस्सेला जात होतो, पण मातेच्या मूर्तीकडे बघत नव्हतो. रुसलो होतो म्हण, पण ते रुसण्यापेक्षा कडू होते.

त्या काळात उपदेशाने काही झाले नाही. चमत्कारांच्या गोष्टी सांगायला येणाऱ्यांचा तर मला त्रासच व्हायचा, आणि आजही अशा गोष्टी जो तो फोनवर पुढे ढकलतो त्या मी वाचत नाही. खुद्द चर्च या बाबतीत किती सावध आहे पाहा: फ्रान्समधल्या लुर्द या मातेच्या तीर्थस्थळी बरे झाल्याचे हजारो लोकांनी सांगितले, पण दीडशेहून अधिक वर्षांत चर्चने चमत्कार म्हणून मान्यता दिली ती सुमारे ७० घटनांना. आणि जिला १८५८ साली तिथल्या गुहेत अठरा वेळा मातेचे दर्शन झाले ती चौदा वर्षांची बर्नादेत जन्मभर दम्याने आजारी होती. पुढे तिला क्षयही झाला आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १८७९ मध्ये, ती वारली. जिच्या हातांनी उकरलेल्या झऱ्याचे पाणी जगभर जाते, ती स्वतः बरी झाली नाही. मातेने तिला या जगातल्या सुखाचे वचन दिले नव्हते, असे तिनेच सांगून ठेवले आहे. हे वाचले तेव्हा माझ्या मनातली गाठ किंचित सैल झाली.

पण खरी सुटली ती एका गुड फ्रायडेला. योहानाच्या शुभवर्तमानातील क्रूसाजवळचा प्रसंग वाचला जात होता, लहानपणापासून ऐकलेला. येशूच्या क्रूसाजवळ त्याची आई उभी होती, असे वाक्य आहे. ती रडली, तिने आकांत केला, सैनिकांचे पाय धरले, असे योहान काही लिहीत नाही. ती उभी होती. काना गावी जिने एका वाक्यात पाण्याचा द्राक्षारस होण्याची वेळ आणली, ती इथे एक शब्दही बोलत नाही, मुलाला खाली उतरवून आणत नाही, आणि तिथून जातही नाही. मला एकदम दवाखान्यातली ती शेवटची रात्र दिसली. तू खिडकीशी होतास, मी पायथ्याशी, काकू आईच्या उशाशी उभ्या. काकूंना परिचारिकेने दोनदा स्टूल आणून दिले आणि त्या दोन्ही वेळा बसल्या नाहीत. त्या रात्री आम्हा तिघांपैकी कोणालाच काही करता येत नव्हते. आई इतकी वर्षे माळेवर ‘आमच्या मरणाच्या वेळी’ जे मागत होती, ते बरे होणे नव्हतेच. कोणीतरी उशाशी असणे होते, आणि ते तिला मिळत होते. मी नवस बोलत बसलो आणि आई मात्र आधीपासून हे जाणून होती. त्या संध्याकाळी घरी येऊन मी तिची माळ कपाटातून काढली.

त्या माळेचीच एक गोष्ट तुला ठाऊक नसावी. ती साध्या लाकडाची आहे, वसईहून आणलेली, मणी झिजून गुळगुळीत झालेले. आपण सहावी-सातवीत असताना, तुमच्या दांडिया बाजारच्या वाड्यात आम्ही भाड्याने राहत होतो तेव्हा, तिची तार तुटली आणि एक मणी नळाच्या मोरीत गेला. आई कष्टी होऊन बसली होती. काकूंनी आपल्या जुन्या तुळशीच्या माळेतला एक मणी आणून दिला आणि म्हणाल्या, चालत असेल तर ओवा. आईने आमच्या म्हाताऱ्या स्पॅनिश फादरांना विचारले. त्यांनी माळ हातात घेऊन निरखली आणि काही न बोलता तिच्यावर आशीर्वादाचा क्रूस केला. आई जपाला नेहमी उजव्या अंगाने सुरुवात करी, त्यामुळे तो मणी पाचव्या रहस्यात सातवा येतो. बाकीच्यांपेक्षा तो बारीक आणि हलका आहे, अंधारातही बोटाला कळतो. त्या मण्यावर आई दरवेळी काकूंचे नाव घेऊन प्रार्थना करायची. हे तिने मला शेवटच्या आजारात सांगितले, आणि गेली अकरा-बारा वर्षे मीही तेच करतो. काकूंना हे माहीत होते की नाही, ते मला कळायला आता मार्ग उरला नाही.

मे महिन्यात तुझा फोन आला त्या रात्रीही मी माळ घेऊन बसलो. सातव्या मण्याशी आलो तेव्हा काकूंसाठी नेहमीचे आयुरारोग्य मागता येईना, आणि दुसरे काय म्हणावे ते सुचेना. मग तोच एक मणी धरून तीच प्रार्थना पुनःपुन्हा म्हणत राहिलो.

या महिन्यात मातेची मूर्ती २२ तारखेला आमच्या घरी येणार आहे. तो मंगळवार आहे, म्हणजे दुःखाची रहस्ये, आणि पाचवे रहस्य क्रूसाचे. त्या दिवशी ते मी मराठीत म्हणणार आहे. तुला पुण्याहून येणे जमले तर आदल्या दिवशीच ये. वहिनींनाही आण. तुम्ही काही म्हटलेच पाहिजे असे नाही. पूर्वी उंबऱ्यात बसायचास तसा बसलास तरी चालेल. सातला सुरू होते आणि वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते. खोबऱ्याच्या वड्या हिने करायच्या ठरवल्या आहेत, आईच्या हाताच्या मापाने.

तुझा,
तुमच्या वाड्यातला भाडेकरू मित्र