सगळ्यालाच ‘धोका’ म्हणू नये

महोदय,

यंत्रांवरच्या आणि रसायनांच्या डब्यांवरच्या इंग्रजी सूचना मराठीत आणताना ‘डेंजर’, ‘वॉर्निंग’ आणि ‘कॉशन’ या तिन्ही शब्दांना सरसकट ‘धोका’ किंवा ‘सावधान’ लिहिले जाते, ही गोष्ट मला गंभीर वाटते. अमेरिकी सुरक्षा-मानकांत या शब्दांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : ‘डेंजर’ म्हणजे दुर्लक्ष केल्यास मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, ‘वॉर्निंग’ म्हणजे तसे होऊ शकते आणि ‘कॉशन’ म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजेची शक्यता. उच्चदाबाच्या विद्युतपेटीवर आणि यंत्राच्या तापलेल्या झाकणावर एकच शब्द असेल, तर हात पुढे करणाऱ्या कामगाराने जिवावरचा इशारा कोणता समजायचा?

‘इन्फ्लेमेबल’ची गोष्ट तर अधिकच काळजीची आहे. सुरुवातीचा ‘इन’ नकारार्थी वाटल्याने वाचणारा ‘न पेटणारे’ असा नेमका उलटा अर्थ घेतो. वास्तविक हा शब्द ‘पेटवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे, आणि हा घोळ टाळण्यासाठीच इंग्रजीत ‘फ्लेमेबल’ या शब्दाचा पुरस्कार झाला. आपला ‘ज्वलनशील’ मात्र कोणालाही बुचकळ्यात टाकत नाही, तरीही तो बाजूला पडतो याचे मला मनापासून वाईट वाटते.

बातम्यांतही ‘थ्रेट’ दिसला की ‘धमकी’ लिहिली जाते. धमकी माणूस देतो. पुराचा किंवा रोगाचा असतो तो धोका. आपल्या दैनिकाने निदान ‘धोका’, ‘इशारा’, ‘खबरदारी’ आणि ‘धमकी’ हे चार शब्द आपापल्या जागी वापरावेत, ही विनंती.

एक वाचक